टपाल तिकिटाएवढ्या त्वचेतून

खोलवर भाजलेल्या जखमेत बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा दोन्ही नष्ट होतात, आणि नवी त्वचा घडवू शकणाऱ्या पेशीच तिथे उरत नाहीत. अशा जखमेवर रुग्णाच्याच न भाजलेल्या भागावरची पातळ त्वचा काढून लावतात. पण जवळजवळ सगळे अंगच भाजले असेल, तर ती आणायची कुठून? दुसऱ्या व्यक्तीची त्वचा काही आठवडे झाकण म्हणून उपयोगी पडते, मग शरीर ती नाकारते.

या प्रश्नाला वाट मिळाली ती १९७५ साली. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी बाह्यत्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, उंदराच्या विशिष्ट पेशींच्या थरावर वाढवून दाखवल्या. उंदराच्या पेशींवर आधी किरणांचा मारा केलेला असल्यामुळे त्या स्वतः विभाजित होत नाहीत, मात्र जिवंत राहून शेजारच्या मानवी पेशींना वाढीस पोषक द्रव्ये पुरवतात. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून तीन-चार आठवड्यांत अंग झाकण्याइतके पापुद्रे तयार होऊ लागले. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील अहवालात, ९५ टक्क्यांहून अधिक भाजलेली दोन लहान मुले या उपचाराने वाचल्याची नोंद आहे.

पण लावलेला पापुद्रा वर्षानुवर्षे टिकतो कशाच्या बळावर? बाह्यत्वचा साधारण महिन्याभरात नवी होते, त्यामुळे लावलेल्या बहुतेक पेशी लवकरच झडून जाणार, हे उघड आहे. १९८७ मध्ये यान बारांदों आणि ग्रीन यांनी दाखवले की वरवर सारख्या दिसणाऱ्या केराटिनोसाइटपैकी थोड्याच पेशी, म्हणजे मूलपेशी, दीर्घकाळ विभाजित होत राहतात. त्यांच्या वसाहतींना ‘होलोक्लोन’ म्हणतात. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच, कारण पापुद्रा कितीही मोठा असला तरी त्यात या मूलपेशी नसतील तर तो टिकत नाही.

याचा थेट पुरावा मिळाला तो भाजलेल्या रुग्णात नव्हे, तर जनुकातील दोषामुळे त्वचा सतत सुटून येणाऱ्या सात वर्षांच्या मुलात. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे त्याच्या शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर मिकेले दे लुका यांच्या इटलीतील गटाने वाढवलेली त्वचा लावली गेली. तिच्या पेशींत विषाणूच्या साहाय्याने निर्दोष जनुक घातले होते. विषाणू प्रत्येक पेशीच्या डीएनएत वेगळ्या ठिकाणी शिरतो आणि त्या पेशीच्या सर्व वंशजांत ती खूण कायम राहते. पुढे घेतलेल्या नमुन्यांतील खुणा वाचल्यावर दिसले की आरंभीच्या असंख्य वंशरेषा लोप पावल्या असून सारी बाह्यत्वचा मोजक्या होलोक्लोनांतूनच नव्याने उगवते आहे.

मात्र या पापुद्र्यात बाह्यत्वचाच असते. तिला खाली जखडणारे तंतू सावकाश तयार होतात, म्हणून सुरुवातीला साध्या घर्षणानेही फोड येतात. घर्मग्रंथी तर मुळीच तयार होत नाहीत. त्यामुळे अंगाचा मोठा भाग अशा त्वचेने भरून आलेल्या माणसाला तिथे घाम येत नाही, आणि कडक उन्हात त्याच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढू शकते.