दीड महिन्यात घेतलेल्या बियांनी मुलगा होतो का?

दापोली असो वा मालवण, अजूनही कानावर येतं : दिवस गेल्यावर दीड-दोन महिन्यांत शिवलिंगी या वेलीच्या बिया गाईच्या दुधातून घेतल्या की मुलगाच होतो. हे साफ खोटं आहे. मुलगा की मुलगी, हे वडिलांच्या शुक्राणूतल्या एक्स (मुलगी) किंवा वाय (मुलगा) गुणसूत्रावर गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं. सुनेला बोल लावण्यात काही अर्थ नाही. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजातल्या शिदोरीवर चालतो, मग आठ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं जोमाने जागी होतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (शोध १९९०चा) मात्र सहाव्या आठवड्याच्या आसपास चालू होतं आणि वृषणं घडू लागतात. वाय गुणसूत्रच नसेल, तर बिया चालू काय करणार? उलट याच आठवड्यांत हृदय, हातपाय घडत असतात. अशा वेळी अनोळखी पुडी घेऊच नका.