टेस्ला कॉइल : पहिली जुळणी

टेस्ला कॉइल म्हणजे लोखंडी गाभा नसलेला, अनुस्पंदनावर (दोन मंडलांची वारंवारता जुळण्यावर) चालणारा उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. निकोला टेस्ला यांनी तो १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तयार केला. आज त्याचा वापर मुख्यतः प्रात्यक्षिकांपुरता उरला आहे. हौशी मंडळींचे लांब ठिणग्यांचे वेड मात्र कायम आहे.

पारंपरिक जुळणीत वीज पुरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा घटक, भारतो. व्होल्टेज पुरेसे चढले की स्पार्क गॅपमध्ये, म्हणजे दोन टोकांमधल्या फटीत, ठिणगी पडते आणि साठलेली ऊर्जा प्रायमरीत (खालच्या थोड्या वेढ्यांच्या गुंडाळीत) आंदोलने घेऊ लागते. सेकंडरीची (उंच, बारीक तारेच्या गुंडाळीची) स्वतःची वारंवारता तेवढीच असेल, तरच ती ऊर्जा वर चढते.

सेकंडरीत घाई नडते. ११० मिमी पीव्हीसी पाइपवर ०.४ मिमी एनॅमल तारेचे हजार वेढे घेतले, तर गुंडाळी सुमारे ४५ सेंमी उंच होते. तार लागते जवळजवळ ३५० मीटर, वजनाने ४०० ग्रॅमच्या आसपास. हात सुटला तर दोनशे वेढे क्षणात उलगडतात, म्हणून अधूनमधून चिकटपट्टी लावत जावे. वेढ्यावर वेढा चढू देऊ नये. तारेचे टोक भोकातून पाइपच्या आत घेणेही टाळावे. ठिणगी आतूनच पळते. शेवटी वॉर्निशचे दोन-तीन हात द्यावेत.

ठिणगी लहान पडली की नवखा माणूस आणखी मोठा ट्रान्सफॉर्मर शोधू लागतो. दोष बहुधा ट्यूनिंगचा, म्हणजे दोन्ही गुंडाळ्यांची वारंवारता न जुळल्याचा असतो. एसीवाल्यांकडच्या पाव इंची तांब्याच्या नळीची प्रायमरी दोन-तीन वेढे जास्तच ठेवावी आणि जोडणीचा चिमटा पाव-पाव वेढा सरकवत पाहावे. ठिणगी फुटली की तिचीही धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) सेकंडरीच्या माथ्यावरच्या गोल धातूच्या कड्याच्या धारितेत मिळते आणि सेकंडरीची वारंवारता उतरते. म्हणून प्रायमरी गणितापेक्षा किंचित कमी वारंवारतेलाच जुळवतात. सेकंडरीच्या तळाला जमिनीत ठोकलेली स्वतंत्र सळई हवी. घरच्या अर्थिंगला ती जोडू नये.

पहिल्या कॉइलसाठी निऑन पाट्यांचा जुना, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याचा प्रवाह मुळातच मर्यादित असतो, अनेकदा ३० मिलिअँपिअर. तेवढाही जीव घेऊ शकतो. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरवर अशी मर्यादा जवळजवळ नसते, त्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. वरच्या ठिणगीचा झटका फारसा जाणवत नाही, पण ती भाजते. स्पार्क गॅपकडे टक लावून पाहू नये, त्यातून अतिनील किरण येतात. खरा धोका खालीच असतो : वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भारलेला राहतो, म्हणून प्रत्येक कपॅसिटरला समांतर काही मेगाओमचा रेझिस्टर जोडतात आणि हात लावण्यापूर्वी दोन्ही टोके शॉर्ट करून घेतात.