बटाट्यातील परागनिर्मितीची आनुवंशिकी

बटाट्याच्या परागकोशातील मातृपेशींचे अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे) आणि त्यात फेरफार घडवणाऱ्या जनुकांचा अभ्यास. लागवडीचा बटाटा (सोलॅनम ट्यूबरोझम) चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेला) असून त्याच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात. अँडीजमधील बहुतेक रानटी जाती २४ गुणसूत्रांच्या, म्हणजे द्विगुणित आहेत. रोगप्रतिकारासारखे रानटी गुण पिकात आणण्याचा एक मुख्य मार्ग अन्यूनित परागकणांतून जातो. द्विगुणित झाडाच्या अशा कणात १२ ऐवजी २४ गुणसूत्रे राहतात आणि चतुर्गुणित मादीशी संकर केला असता संतती पुन्हा चतुर्गुणित निघते.

यंत्रणा : एरवी दुसऱ्या विभाजनातील दोन तर्कू (गुणसूत्रांना ध्रुवांकडे ओढणारे तंतूंचे जुडगे) एकमेकांशी कोन करून असतात, त्यामुळे मातृपेशीपासून चार कण होतात. तर्कू समांतर राहिले तर जवळच्या ध्रुवांवरील गुणसूत्रसंच एकत्र येतात व दोनच मोठे कण तयार होतात. त्यांचे आकारमान दुप्पट, व्यास मात्र सुमारे सव्वापट असतो. मोक व पेलोक्विन या संशोधकांनी १९७५ मध्ये विस्कॉन्सिन येथील कामातून हा गुण ‘पीएस’ (पॅरलल स्पिंडल्स, म्हणजे समांतर तर्कू) या अप्रभावी जनुकाकडे सोपवला. पेशीद्रव्याचे अकाली विभाजन हे दुसरे कारण. दोहोंतला फरक पैदासकाराला महत्त्वाचा ठरतो. समांतर तर्कूंमुळे जनकाची सुमारे ८० टक्के विषमयुग्मकता (एकाच जनुकाची भिन्न रूपे एकत्र असणे) परागात टिकते, अकाली विभाजनाने सुमारे ४० टक्के. बटाट्याचा जोम विषमयुग्मकतेवर बराच अवलंबून असल्याने पहिल्या प्रकाराला पसंती मिळाली, आणि ती रास्तच आहे.

एकाच जनुकाचे हे चित्र पाठ्यपुस्तकांत रूढ असले, तरी एकाच झाडात मोठ्या कणांचे प्रमाण तापमानानुसार आणि फुलागणिक बदलते. त्यामुळे मुख्य जनुकासोबत इतर साहाय्यक जनुके मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत समांतर तर्कू घडवणारे एक जनुक २००८ मध्ये ओळखले गेले.

चतुर्गुणित बटाट्याच्या उत्पत्तीचा वादही इथेच येऊन पोचतो. बटाट्याचे वर्गीकरणतज्ज्ञ हॉक्स यांनी तो सोलॅनम स्टेनोटोमम व सोलॅनम स्पार्सिपिलम यांच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन झाला असे मानले. उलट, त्याची चतुःसूत्री आनुवंशिकता (चारही समजात गुणसूत्रांची आपसांत कशीही जोडी जमणे) पाहता जवळच्या द्विगुणित लागवडी प्रकारांतच अन्यूनित युग्मके पुनःपुन्हा जुळून आली असावीत, असा दुसरा पक्ष आहे. अनेक द्विगुणित जातींत असे पराग आजही सापडतात, म्हणून हा पक्ष बळकट दिसतो. मात्र अँडीजमध्ये शेतकऱ्यांच्या वावरात रानटी व लागवडी झाडांची सरमिसळ होत आली असल्याने संकराचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही.

चतुर्गुणित मादीवर द्विगुणित झाडाचा साधा, १२ गुणसूत्रांचा पराग पडल्यास बीजातील पुष्काचे (भ्रूणाला पोसणाऱ्या ऊतीचे) संतुलन बिघडून बी बहुधा गळते. ही आपोआप लागलेली चाळणी पैदासकाराच्या पथ्यावर पडते, कारण जे बी टिकते ते बहुतेक मोठ्या कणांचेच असते.

वंध्यत्व व स्वविसंगती : सोलॅनम स्टोलोनिफेरमसारख्या रानटी जातींच्या पेशीद्रव्यामुळे काही वाणांत परागवंध्यत्व येते. द्विगुणित बटाट्यात स्वपराग नाकारला जातो. सोलॅनम चॅकोएन्समधील ‘एसएलआय’ जनुक हा अडसर दूर करते. हे जनुक स्त्रीकेसरात नव्हे, परागात कार्य करते. २०२१ मध्ये ते नेमके ओळखले गेल्यावर बियांपासून संकरित बटाटा घेण्याच्या कामाला वेग आला.

भारतात व गोव्यात : बटाट्याला भरपूर फुले येण्यासाठी लांब दिवस व थंड हवा लागते. मैदानातील हिवाळी पिकात ती क्वचितच मिळते, म्हणून मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्थेचे संकर सिमल्याजवळील कुफरी येथे होतात आणि वाणांना ‘कुफरी ज्योती’ अशी नावे मिळतात. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या सुमारास बटाटा पश्चिम किनाऱ्यावर आणला असे सर्वसाधारण मत आहे; मात्र सुरुवातीच्या काही उल्लेखांत रताळे अभिप्रेत असण्याची शक्यता आहे. गोव्याच्या उबदार रात्रींत कंद नीट धरत नाहीत आणि पणजी, म्हापशाच्या बाजारात येणारा बटाटा बहुतांशी बेळगावकडचा असतो. परागविभाजनाच्या प्रात्यक्षिकाला मात्र इथे वांगे उत्तम : तेही १२ च्याच पटीतले, २४ गुणसूत्रांचे, आणि परागकोश बटाट्याप्रमाणेच टोकाच्या छिद्रांतून उघडणारे. आगशीच्या वांग्याची कोवळी कळी ॲसिटोकार्माइन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणात रंगवली, की चार-चार कणांचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.