साथकाळातील लसीकरणावरील सरकारी देखरेख : मुंबई

राष्ट्रीय लसीकरण मोहिमेत लस कुठून आली, कुणाला टोचली, किती उरली, किती वाया गेली आणि टोचल्यानंतर काय झाले, याचा माग ठेवणारी शासकीय व्यवस्था. भारतातील कोविड-19 लसीकरणात (16 जानेवारी 2021 पासून) ती केंद्र, राज्य आणि स्थानिक प्रशासन अशा तीन थरांत उभी होती. मुंबईत प्रत्यक्ष काम बृहन्मुंबई महानगरपालिकेचे सार्वजनिक आरोग्य खाते व 24 विभाग कार्यालयांकडे होते. देखरेख म्हटली की आढावा बैठका आणि परिपत्रके आठवतात, पण तिचा कणा म्हणजे तीन आकड्यांचा ताळा : लसीकरण केंद्राला दिलेले डोस, को-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर) नोंदलेले डोस आणि परत आलेल्या कुप्या. मुंबईत गडबड झाली ती यांपैकी एक आकडा कुणी विचारलाच नाही तेव्हा.

पूर्वपीठिका. या शहराला लशीच्या हिशेबाची ओळख प्लेगपासूनची आहे. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग अधिनियम आला. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी मुंबईहून गेलेल्या एकाच बाटलीतून (क्र. 53 एन) लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेतला की गावात बाटली उघडतानाचा, हा वाद काही वर्षे चालला. गावात खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरल्याचे पुढे आले आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. बाटलीला क्रमांक होता आणि कुणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद होती, म्हणूनच हा उलगडा शक्य झाला. आजची बॅच क्रमांकाची सक्ती याच जातीची आहे. हाफकिन यांची परळची प्रयोगशाळा 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

रचना. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्राने नीती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. पॉल यांच्या अध्यक्षतेखाली लस प्रशासनाचा राष्ट्रीय तज्ज्ञ गट नेमला. वापराची परवानगी औषध महानियंत्रकांची (कोविशील्ड व कोव्हॅक्सिन, 3 जानेवारी 2021), बॅचची तपासणी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेची, प्राधान्यक्रम तज्ज्ञ गटाचा. राज्यात मुख्य सचिवांची सुकाणू समिती आणि आरोग्य विभागाचे कृती दल, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. महानगरांत ही भूमिका महापालिका आयुक्तांची. मुंबईत त्याखाली अतिरिक्त आयुक्त, कार्यकारी आरोग्य अधिकारी आणि प्रत्येक विभागात वैद्यकीय आरोग्य अधिकारी. लोकांना दिसणारा सरकारी चेहरा शेवटच्या पायरीचा. रांगेतले भांडण सोडवायचे तेही त्यानेच.

कुपीचा प्रवास. मुंबईला पहिला साठा 13 जानेवारी 2021 रोजी पुण्याहून आला : कोविशील्डचे 1,39,500 डोस. तो परळच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात ठेवला गेला. पुढे कांजूरमार्गला महापालिकेने मोठे शीतगृह उभारले. कोविशील्डची कुपी 5 मिलिलिटरची, प्रत्येकी 0.5 मिलिलिटरचे 10 डोस. म्हणजे त्या पहिल्या साठ्यात 13,950 कुप्या. कोव्हॅक्सिनची कुपी सुरुवातीला 20 डोसांची होती. त्यामुळे कमी गर्दीच्या केंद्रांत ती उघडायची की नाही, हा रोजचा पेच होता.

साठवण 2 ते 8 अंश सेल्सिअसला. या लशींना उष्णतेइतकाच गोठण्याचा धोका असतो, आणि नवख्या केंद्रांत चूक बहुधा इथेच होते : फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या पेटीत) भरले जातात. बाहेरून घाम सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत ते बाहेर ठेवायचे, मग कॅरिअरमध्ये चार बाजूंना चार लावायचे. शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, हाताने वहीत लिहायचे. ई-विनचे (लससाठा व तापमानावर ऑनलाइन लक्ष ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेचे) सेन्सर संदेश पाठवतात, तरी वही सुटत नाही, कारण वीज गेल्यावर कुणी काय केले हे सेन्सर सांगत नाही.

कुपी उघडताच तिच्यावर तारीख आणि वेळ लिहायची. चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस बाद. आरंभीच्या नियोजनात वाया जाण्याचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास धरले होते आणि मागणीचा हिशेब 1.11 ने गुणून होई. जिल्ह्यांची तुलना पुढे याच टक्क्यावर होऊ लागली. भरताना कुपीत थोडी लस जास्त असते. हात बसलेली परिचारिका दहाच्या कुपीतून अकरावा डोस काढते आणि वाया जाण्याचा आकडा उणे दिसतो. त्यात लबाडी नसते. पण सलग दिवस अगदी शून्यच दिसू लागला, तर तपासनिसाने वहीपेक्षा डबा बघावा : रिकाम्या कुप्या मोजाव्यात. सुई हब-कटरने कापायची, कुप्या मोजून शीतसाखळी केंद्रावर परत द्यायच्या आणि विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी लावायची. परतीची ही मोजणी कंटाळवाणी, म्हणून पहिली गळते ती हीच.

केंद्र आणि नोंद. केंद्रात तीन जागा : प्रतीक्षा, लसीकरण, निरीक्षण. पथक पाच जणांचे. ओळखपत्र तपासणारा, को-विनवर पडताळणारा, टोचणारा, आणि गर्दी व निरीक्षणासाठी दोघे. टोचल्यावर अर्धा तास बसवायचे. पहिल्याच दिवशी ॲप रखडले आणि राज्याने 17 व 18 जानेवारीला मोहीम थांबवली. पुढे दुसऱ्यालाच प्रमाणपत्र जाणे, डोस न घेताच संदेश येणे, नावाचे स्पेलिंग चुकणे असे प्रकार वाढले. सत्राच्या वेळी घाईत केलेली नोंद आणि संध्याकाळी कागदावरून उतरवलेली नोंद, चुका या दोन्हींत होत. 8 मे 2021 पासून चार अंकी सुरक्षा संकेत आला. लस घेणाऱ्याने तो केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पुढे जात नसे. ओळखपत्र नसलेल्या बेघर, भिकारी व कैद्यांसाठी त्याच महिन्यात स्वतंत्र कार्यपद्धती आली. महापालिकेने 18 वर्षांवरील सुमारे 92 लाख 36 हजार लोकांचे उद्दिष्ट धरले होते. मात्र मुंबईत टोचून घेणारे सगळे मुंबईचे रहिवासी नव्हते, त्यामुळे शंभर टक्क्यांच्या दाव्याकडे जपून पाहावे.

खरेदीचा गुंता. 1 मे 2021 पासून उत्पादनाचा निम्मा वाटा केंद्राला आणि उरलेला राज्ये व खासगी रुग्णालयांना, असे धोरण लागू झाले. मुंबईने 12 मे रोजी एक कोटी डोससाठी जागतिक स्वारस्य-निविदा काढली. मुदत वाढवूनही एकाही बोलीदाराची कागदपत्रे पुरी पडली नाहीत आणि जूनच्या सुरुवातीला सारे बाद झाले. उत्पादक थेट देशोदेशींच्या केंद्र सरकारांशी व्यवहार करत असताना मध्यस्थांच्या बोलीत लस मिळणे अवघडच होते. 31 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने 18 ते 44 वयोगटाला पैसे मोजायला लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व अतार्किक ठरवले. 21 जूनपासून 75 टक्के खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली. खासगी रुग्णालयांना कोविशील्ड 780, कोव्हॅक्सिन 1,410 व स्पुटनिक 1,145 रुपये अशी कमाल किंमत लागू झाली, सेवाशुल्क 150 रुपये धरून.

बनावट शिबिरे. 30 मे 2021 रोजी कांदिवलीच्या एका गृहसंकुलात 390 रहिवाशांना प्रत्येकी 1,260 रुपये घेऊन ‘लस’ टोचली गेली. कुणालाही ताप नाही, हात दुखला नाही, संदेश आला नाही. फोटो काढायलाही मनाई होती. नंतर आलेल्या प्रमाणपत्रांवर वेगवेगळ्या रुग्णालयांची नावे आणि भलत्याच तारखा होत्या. तपासात असे आणखी कार्यक्रम उघडकीस आले. राज्याने उच्च न्यायालयात नऊ शिबिरे आणि 2,053 फसलेले लोक असा आकडा दिला.

हे घडू शकले, कारण को-विनला कुपी दिसत नाही; दिसते ते लॉगिन. ज्याच्या हाती केंद्राचे लॉगिन, तो आपल्या सत्रात कुणाचेही नाव भरू शकतो. सोसायटीचे शिबिर विभाग कार्यालयाला कळवण्याची सक्ती तेव्हा नव्हती आणि खासगी साठा कांजूरमार्गहून येत नव्हता. म्हणजे तीन आकड्यांपैकी दोन सरकारच्या हाताबाहेर होते. त्यानंतर महापालिकेने नियम घातले : सोसायटीने समन्वयक नेमावा, नोंदणीकृत केंद्राशी करार करावा आणि किमान तीन दिवस आधी विभागातील वैद्यकीय आरोग्य अधिकारी व पोलीस ठाण्याला कळवावे. 1 जुलैपासून खासगी केंद्रांची मागणीही को-विनवरूनच नोंदवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. सोसायटीच्या सचिवासाठी साधी खूण अशी : कुपीवरचा बॅच क्रमांक स्वतः वाचावा आणि प्रमाणपत्र येईपर्यंत त्याचा फोटो ठेवावा. शिबिर भरवणारा फोटोला नकार देत असेल तर शिबिर रद्द करावे.

घरी जाऊन लस. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. कुपी दूषित होईल, डोस वाया जातील, अर्धा तास निरीक्षण जमणार नाही, अशा केंद्र सरकारच्या हरकती होत्या. 2021 च्या पावसाळ्यात मुंबईत अंधेरीच्या के पूर्व विभागापासून सुरुवात झाली; रुग्ण किमान सहा महिने अंथरुणावर राहील असा डॉक्टरचा दाखला लागे. चार तासांत जवळपासची दहा घरे गाठता यावीत अशी यादी बनवणे, हा या कामाचा खरा भाग.

प्रतिकूल घटना आणि सक्ती. टोचल्यानंतरचा मृत्यू, रुग्णालयात दाखल होणे किंवा कायमचे अपंगत्व ही गंभीर घटना मानून जिल्हा समिती तपास करते. लशीशी संबंध आहे का, हे राज्य व राष्ट्रीय समित्या ठरवतात. जून 2021 मध्ये राष्ट्रीय समितीने लशीमुळे आलेल्या तीव्र ॲलर्जीने झालेला पहिला मृत्यू मान्य केला. लस मार्चमध्ये दिलेली होती. एवढा विलंब तपासाला लागतो, पण तोवर अफवांना मोकळे रान मिळते.

15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांनाच लोकलचा प्रवास खुला झाला. फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बोट ठेवले ते पद्धतीवर : हे आदेश तत्कालीन मुख्य सचिवांनी राज्य कार्यकारी समितीशी सल्लामसलत न करता काढले होते. सरकारला ते मागे घ्यावे लागले. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे सांगून प्रतिकूल घटनांची माहिती लोकांसाठी खुली ठेवण्याचे निर्देश दिले.

एप्रिल 2023 अखेरीस मुंबईत 60 वर्षांवरील लोकांना नाकातून द्यायची इन्कोव्हॅक लस उपलब्ध झाली, प्रत्येक विभागात एक याप्रमाणे 24 केंद्रांवर. प्रत्येक नाकपुडीत चार थेंब. वापरलेल्या सिरिंजा मोजून डोसांचा ताळा लावायची सवय तिथे निरुपयोगी झाली. उरली ती नोंदवही आणि कुपी.