वेलनेस कोच की आहारतज्ज्ञ? हॉटेल लाइन सोडणाऱ्यांसाठी

हॉटेल लाइनमध्ये बरीच वर्षं काढलेली माणसं वेलनेसकडे वळायचं म्हणतात, तेव्हा त्यामागची कारणं मला पटतात. ब्रेक शिफ्ट, दिवाळी-नाताळला हमखास ड्यूटी, रात्री एक वाजता पोटात ढकललेलं जेवण. हे सगळं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची कळकळ वाटणं साहजिक आहे. पण पुढचं वाक्य बहुतेक वेळा असं असतं: ‘कोचिंगचा कोर्स करतो आणि लोकांना डाएट लिहून देतो.’ गल्लत इथे होते. डाएट लिहून देणं हे कोचचं काम नाही, ते आहारतज्ज्ञाचं आहे.

आहारतज्ज्ञ हा आरोग्यसेवेतला माणूस. पोषण आणि आहारशास्त्राचं रीतसर शिक्षण, रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा, या वाटेने ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ होता येतं. आरोग्यक्षेत्रातल्या सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यातही डाएटिशियनचा समावेश आहे. हॉटेल मॅनेजमेंटला असताना पोषणशास्त्राचा एखादा पेपर दिलेला असतो, पण तेवढ्यावर इथे भागत नाही.

‘वेलनेस कोच’ ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतं. गल्लीतल्या न्यूट्रिशन क्लबमध्ये शेकचे डबे विकणाराही स्वतःला कोचच म्हणवतो. ज्याची कमाई डब्यावर आहे, त्याचा सल्ला डब्याकडेच जाणार, त्यामुळे मी त्याला कोच मानत नाही.

आता एक माणूस समोर आणू. वय बावन्न, दुकानदार, मधुमेह, गोळ्या चालू. दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत साडेदहा वाजतात, मग भरपेट जेवण आणि लगेच झोप.

आहारतज्ज्ञ आधी त्याचे रिपोर्ट मागेल. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) किती, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारी तपासणी) किती, गोळ्या कोणत्या. त्यावरून दिवसभरात पिष्टमय पदार्थ किती आणि कोणत्या वेळी, प्रथिनं किती, हे ठरेल. हाच माणूस ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेत असेल आणि एखाद्या उत्साही कोचने त्याला ‘रात्रीचं जेवण बंद, सोळा तास उपवास’ असं सांगितलं, तर रात्री साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, भान हरपणं, इथपर्यंत वेळ येऊ शकते. किडनीचंही तसंच. कोकण-गोव्यातल्या रिसॉर्टमध्ये आपण शहाळ्याचं पाणी हौसेने पुढे करतो, पण किडनीचा आजार बळावलेला असेल आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल, तर तेच पाणी घातक ठरतं.

कोच यातलं काहीच ठरवत नाही. आठ वाजता जेवायचं, हे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी सांगून झालेलं असतं, दुकानदाराला ते पाठही असतं. तरी होत नाही. कोचचं काम तिथून सुरू होतं.

‘या आठवड्यात किती दिवस जमेल असं वाटतं?’

‘दोन दिवस.’

‘शून्य ते दहामध्ये खात्री किती?’

‘पाच.’

‘पाच का? तीन का नाही म्हणालात?’

हा शेवटचा प्रश्न मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या पद्धतीतला आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये मांडली, तीही दारूच्या व्यसनावर उपचार करताना. ‘दहा का नाही?’ असं विचारलं की माणूस अडचणी मोजू लागतो. ‘तीन का नाही?’ म्हटलं की तो आपल्याच तोंडाने जमेच्या बाजू सांगतो: मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं, मुलगा आठनंतर गल्ल्यावर बसू शकतो, बायको डबा दुकानात पाठवायला तयार आहे. यातली एकही गोष्ट कोचला सुचली नसती.

हॉटेलातल्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. पाहुण्याने मागण्याआधी पाण्याचा ग्लास भरायचा, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. समोरचा अडखळला की आपण लगेच तीन पर्याय पुढे ठेवतो. कोचिंगमध्ये त्या वेळी गप्प बसावं लागतं. अमेरिकेत नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंगची परीक्षा २०१७ पासून होते. तिला मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं, त्याबरोबर घेतलेल्या ५० सत्रांची नोंदही लागते, आणि प्रत्येक सत्राचा किमान ७५ टक्के वेळ माहिती देण्यात नव्हे, तर कोचिंगमध्ये गेलेला असावा लागतो. पदवी नसेल तर ४,००० तासांचा कामाचा अनुभव चालतो, आणि तो कुठल्याही क्षेत्रातला असला तरी हरकत नाही.

किचनमधून आलेल्यांना रिपोर्ट वाचायची, घटक मोजायची ओढ असेल, तर त्यांनी सरळ आहारशास्त्राच्या शिक्षणाची चौकशी करावी. वेळ लागेल, पण काम हक्काने करता येईल. फ्रंट ऑफिसला चिडलेल्या गेस्टचं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्यांचा कल कोचिंगशी जास्त जुळतो, असं मला वाटतं. फक्त पहिला क्लायंट घेण्याआधी आपल्या गावातला एक आहारतज्ज्ञ आणि एक फिजिशियन गाठून ठेवा, आणि नावनोंदणीच्या फॉर्मवर चालू औषधांची यादी लिहून घ्या. तिथे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी दिसली, की जेवणाच्या वेळा बदलायचं बोलणं त्या दोघांना विचारल्याशिवाय सुरूच करायचं नाही.