वाळू नळीतच राहिली

जुलैत बेळगावजवळच्या खानापूरच्या पुलावरून खाली बघितलं की मलप्रभा नदीचं पाणी लालभडक दिसतं. कणकुंबीकडच्या डोंगरातली जांभ्याची माती पावसाबरोबर खाली येते. हे पाणी बाटलीत भरून ठेवा. वाळू दीड-दोन मिनिटांत तळाशी बसते. मातीचे अगदी बारीक कण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा तरंगतच असतात.

त्या पाण्यात कुठल्या मापाचे कण किती, हे मोजायला आता कॅमेऱ्याची यंत्रं असतात. पंप नमुन्याचं पाणी नळीतून ओढतो, ते काचेच्या चपट्या फटीतून जातं, सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा भराभर फोटो काढतो आणि संगणक प्रत्येक कणाची लांबी-रुंदी मोजतो. ऐकायला सरळ आहे. पण पंप किती वेगाने चालवायचा, इथं गाडी अडते.

बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचे रात्रीचे फोटो काढले असतील, तर पहिली अडचण तुम्हाला माहीतच आहे. चित्ररथ स्वच्छ येतो, पुढे लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात मात्र नुसते फराटे होतात. कणांचंही तेच. समजा फट १ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड आहे, आणि पंप मिनिटाला ०.१ मिलिलिटर पाणी ओढतो. फटीत पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १७ मिलिमीटर पडतो. मधोमध तो दीडपट, म्हणजे २५. काचेला लागून जवळपास शून्य. आता शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं, तर मधला कण तेवढ्यात २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. २० मायक्रॉनचा गोल कण ४५ मायक्रॉनची काडी होऊन बसतो! हा फराटा नेहमी प्रवाहाच्याच दिशेने पडतो, म्हणून मापापेक्षा आकार जास्त फसवा निघतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांना, यातली गोम लगेच कळेल. साच्याच्या वाळूचे दाणे गोल असले की बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकटा, कमी लागतो. कॅमेऱ्यासमोरून सेकंदाला १ मीटर वेगाने पडणारा ०.२ मिलिमीटरचा गोल दाणा शटर १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, उघडं राहिलं तर ०.३ मिलिमीटर लांब दिसतो, आणि चांगली वाळू उगाच लांबट ठरते.

मग पंप हळू करावा, असं पटकन वाटतं. मलाही तेच वाटलं होतं. हिशोब मांडल्यावर डोळे उघडले. वरच्याच पंपाचं पाणी ३ मिलिमीटर भोकाच्या नळीतून वर चढत असेल, तर तिथं त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२४ मिलिमीटर असतो. ५० मायक्रॉनचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला २ मिलिमीटरहून जास्त वेगाने खाली जातो. मग तो कॅमेऱ्यापर्यंत चढणार कसा? यंत्र इमानदारीने सांगणार, पाण्यात वाळू नाही! पंप आणखी हळू केला, तर आणखी बारीक वाळूही अडकणार. शिवाय काचेजवळून रेंगाळणारा कण एकामागून एक दोन-तीन फोटोंत सापडतो आणि तितक्या वेळा मोजला जातो. यात एक बारीक खोच आहे. मोठ्या कणाचा मध्य काचेच्या फार जवळ जाऊच शकत नाही, त्यामुळे रेंगाळणाऱ्यांत भरणा बारक्या कणांचा असतो. एकीकडे जाड कण गायब, दुसरीकडे बारके दुबार. दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात, म्हणून मला हळू पंपाची जास्त धास्ती वाटते. फराटा निदान फोटोत दिसतो तरी.

फराट्यावरचा खरा इलाज दिव्यात आहे. १० मायक्रोसेकंदांचा फ्लॅश मारला, तर त्याच २५ मिलिमीटरच्या वेगाला कण पाव मायक्रॉनच सरकतो. वाळूसाठी नमुना वरून खाली सोडावा, नाहीतर नळी अर्ध्या मिलिमीटर भोकाची घ्यावी. तिच्यात पाणी सेकंदाला ८ मिलिमीटरवर जातं. बाटली ढवळत राहावी, पण फार जोरात नको, मातीचे पुंजके फुटतात आणि बारक्यांची संख्या फुगते.

तोच नमुना दोन वेगांनी चालवून बघावा. दोन्ही वेळा आकडे जुळले तर बरं. काम झाल्यावर नळी सोडवून तिच्यातलं पाणी पांढऱ्या बशीत ओतावं. बशीत बोटाला वाळू कचकचली, तर तेवढी वाळू मोजायची राहिली आहे.