चूक ट्रॅक्टरवाल्याची, मग बोनस तुमचा का जातो?

कापसाचा हंगाम लागला की माझ्याकडे तोच प्रश्न पुन्हा येतो. जिनिंगच्या गेटसमोर ट्रॉल्यांची रांग असते, कोणीतरी न बघता ट्रॅक्टर मागे घेतो आणि ट्रॉलीचा कोपरा मागच्या कारवर बसतो. मागच्या हंगामात जिल्हा परिषदेचे एक शिक्षक अशीच कार घेऊन आले. मागचा बंपर चिरलेला, चिरेत सरकीसकट कापसाचा पुंजका अडकलेला, डावा टेललॅम्प फुटून वायर लोंबत होती. सर म्हणाले, "भाऊ, थर्ड पार्टी हाये ना माही, लावा क्लेम."

तालुक्याच्या गावात विम्याचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते लिहूनच खोडतो. तुमच्या पॉलिसीतली थर्ड पार्टी तुमच्यासाठी नाहीच.

विमा सक्तीचा आहे हे कारवाल्याला सांगायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६, विमा नसला तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड. सक्ती फक्त थर्ड पार्टीची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, घ्यायचा की नाही ते तुमच्यावर. दोन्ही मिळून जी पॉलिसी होते तिला आपल्याकडे 'फुल इन्शुरन्स' म्हणतात, कोणी 'फर्स्ट पार्टी' म्हणतं. हा दुसरा शब्द मला अजिबात आवडत नाही, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

पार्टी म्हणजे कोण ते एकदा नीट बघा. विमा हा करार. त्यात पहिले तुम्ही, दुसरी कंपनी, आणि या दोघांना सोडून उरलेलं सगळं जग तिसरं. तुमच्या कारने कोणाची दुचाकी पाडली, कोणाचं कुंपण मोडलं, तर त्याची भरपाई तुमची थर्ड पार्टी पॉलिसी करते. ट्रॅक्टरने तुम्हाला ठोकलं तेव्हा तिसरे तुम्ही झालात, पण त्याच्या पॉलिसीत. तुमच्या कागदाचा तिथे काही संबंध नाही. म्हणून थर्ड पार्टी क्लेम लावायचा असेल तर आधी त्याचा विमा चालू आहे का ते बघावं लागतं. ट्रॅक्टरचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका, विम्याची मुदत दिसते. ट्रॉलीवर नंबर नसला तर मुंडक्याचा, म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरचा, नंबर आणि फोटो घ्या, आणि हे जागेवरच करा. रांग पुढे सरकली की ट्रॅक्टर गेला म्हणून समजा.

आता खरी मेख. त्याचा विमा चालू आहे, चूक त्याची आहे, तो कबूलही करतो. तरी त्याची कंपनी तुमच्या एका फोनवर पैसे देत नाही. थर्ड पार्टीची भरपाई मागण्याची कायद्यातली जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ते जिल्हा न्यायालयात बसतं. कलम १६६ खाली अर्ज करायचा, चूक त्याची होती हे तुम्ही सिद्ध करायचं, त्यासाठी पोलिसांची नोंद, पंचनामा, साक्षीदार लागतात. अर्ज अपघात झाला तिथे करता येतो, तुम्ही राहता तिथेही करता येतो, ही मोठी सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तिच्या आतच अर्ज गेला पाहिजे. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, त्यामुळे रक्कम कमी पडेल ही भीती नको. पण बंपर आणि टेललॅम्पसाठी वकील लावून यवतमाळला तारखांना कोण जाणार? मी कोणाला जा म्हणत नाही. कोणाला मार लागला असेल तर मात्र हाच रस्ता, आणि आधी पोलीस ठाणे. अशा वेळी गेटवर हजार-दोन हजार घेऊन विषय मिटवणाऱ्याला मी अडवतो.

ओन डॅमेजचं उलटं आहे. तिथे पैसे तुमची कंपनी देते, आणि चूक कोणाची हा प्रश्न मोजणीत येतच नाही. ट्रॅक्टरने ठोकलं, तुम्ही स्वतः बाभळीवर घातली, रोही (नीलगाय) आडवा आला, कंपनीला सारखंच. म्हणून काम भराभर होतं: कळवा, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) किंवा कंपनीचा माणूस फोटो बघतो, दुरुस्ती होते. सर्व्हेच्या आधी गॅरेजवाल्याला बंपर काढू देऊ नका, एवढंच पाळा.

पण चूक बघायची नाही हा नियम दुसऱ्या बाजूनेही लागतो, आणि लोक अडखळतात ते इथे. चूक न बघता पैसे मिळतात, तसाच चूक न बघता नो क्लेम बोनसही जातो. सर चिडून म्हणाले, "चूक त्याची हाये, मंग माहा बोनस काहून जाईन?" कारण बोनस शहाणपणाने गाडी चालवल्याचं बक्षीस नाही. क्लेम न केल्याबद्दलची सूट आहे. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक ओन डॅमेज क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. कंपनीला ट्रॅक्टरवाल्याकडून वसुली करण्याचा हक्क असतो, पण दहा-अकरा हजारांसाठी ती वसुली होताना मी तरी पाहिलेली नाही, आणि झाली म्हणून बोनस आपोआप परत येत नाही. क्लेम लपवून दुसऱ्या कंपनीकडे बोनस सांगायचाही विचार करू नका. खोटं निघालं की पुढचा मोठा क्लेम अडकतो.

म्हणून मी आधी कागद-पेन काढतो. सरांचं बिल टॅक्स सोडून ११,००० रुपये: बंपर आणि टेललॅम्प मिळून ६,०००, रंगकाम ४,०००, मजुरी १,०००. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून होणारी कपात, त्यात ३,००० गेले. रंगकामाचा पाव भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे आणखी ५००. १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची कपात १,०००. हातात येणार ६,५००.

आता दुसरी बाजू. त्यांचा बोनस ३५ टक्क्यांवर होता, पुढच्या वेळी ४५ होणार होता. ओन डॅमेजचा प्रीमियम बोनस धरण्याआधी ६,००० समजा, कारण सूट फक्त त्या भागावर मिळते, थर्ड पार्टीच्या भागावर नाही. क्लेम केला तर पहिल्या वर्षी २,७०० ची सूट गेली. पण शिडी पुन्हा खालून चढायची म्हणून दुसऱ्या वर्षी १,८००, मग १,५००, मग ९००, मग ३००. एकूण ७,२००. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल, पण ६,५०० घेण्यासाठी जवळजवळ तेवढेच द्यायचे. लोक फक्त पहिल्या वर्षाचे २,७०० मोजतात आणि क्लेम लावून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोड संरक्षण, घेतलेलं असतं तर घसाऱ्याचे ३,५०० वाचले असते. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ते घ्याच असं मी प्रत्येकाला सांगतो. बोनस राखणारं जोड संरक्षणही मिळतं, पण दोन्ही आधी घ्यावी लागतात, ठोकल्यावर नाही. दार-बोनेटपर्यंत गेलेलं ४०-५० हजारांचं नुकसान असतं तर मी स्वतः त्याच दिवशी क्लेम नोंदवला असता.

ज्यांच्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे, त्यांना हा हिशोबही नाही. त्यांच्यापुढे न्यायाधिकरण किंवा समोरच्याशी बोलणं, दोनच गोष्टी.

समोरच्याशी बोलण्यात कमीपणा काही नाही. चूक करणाऱ्याने खिशातून भरणं हा नुकसानभरपाईचा सर्वात जुना प्रकार आहे. फक्त कागद करा: दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, रक्कम, 'गाडीच्या नुकसानीपोटी मिळाले' एवढं लिहून दोघांच्या सह्या. आणि रोख घेतल्यावर त्याच नुकसानीसाठी कंपनीकडे जायचं नाही.

सरांनी हिशोब दोनदा वाचला आणि ट्रॅक्टर मालकाला फोन लावला. तो शेजारच्याच गावचा. "मास्तर, कापसाचे पैसे आले की देतो," म्हणाला, आणि चौथ्या दिवशी ९,००० घेऊन शाळेत आला. कागद मी लिहून दिला होता. बंपरच्या चिरेतला तो पुंजका तोवर तसाच होता, गॅरेजमध्ये पोराने चिमट्याने काढला.